मिनेसोटाच्या तळ्यांवर पहिल्यांदा गरवायला जाताना

माझे बाबा मालवणजवळच्या कोळंबच्या खाडीत गरवायचे. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, टोकाला गरी, गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी. संध्याकाळी घरी येताना हातात एखादी तांबोशी नाहीतर गोबरा. त्यामुळे अमेरिकेत मिनेसोटात आल्यावर मला वाटलं, मासे पकडायचं मला काय कोण शिकवणार!

पहिल्या मे महिन्यात मी आणि मुलगा तीन तास धक्क्यावर बसलो. गांडूळ लावायचं, पाण्यावर तरंगणारं बूच थरथरायचं, ओढून पाहावं तर गळ धुतल्यासारखा स्वच्छ. गांडुळांचा अख्खा डबा संपला, मासा एक नाही. शेजारी सातेक वर्षांची एक मुलगी गुलाबी प्लास्टिकच्या काठीवर एकामागून एक मासे काढत होती. शेवटी तिच्या आजोबांनी माझा गळ हातात घेतला, गालातल्या गालात हसले आणि आपल्या डबीतून करंगळीच्या नखाएवढा गळ काढून दिला. पाच मिनिटांत पहिला सनफिश आला.

तेव्हापासून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे सगळं मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतच्या दिवसांबद्दल आणि काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरणाऱ्यांसाठी आहे. पहिल्या उन्हाळ्यात बोटीच्या फंदात पडू नका. इथे दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत, काठ कमी पडणार नाही.

१. कुठला मासा, हे आधी ठरवा

नवखा माणूस दुकानात जाऊन ‘मासे पकडायचं सामान द्या’ म्हणतो आणि तिथेच फसतो. इथे मुख्यतः तीन प्रकारांमागे लोक असतात आणि तिन्हींचं सामान, जागा, वेळ वेगळी.

*पॅनफिश.* हे एका माशाचं नाव नाही. अख्खा तव्यात मावेल असा तळ्यातला लहान मासा तो पॅनफिश. त्यात सनफिश (ब्लूगिल, पम्पकिनसीड), क्रॅपी आणि यलो पर्च येतात. क्रॅपीचा उच्चार इथले लोक ‘क्रॉपी’ करतात. तुम्हीही तोच करा, नाहीतर दुकानदार तोंड दाबून हसतो. मी अनुभवाने सांगते.

*नॉर्दर्न पाइक.* लांबट, हिरवा, तोंडभर दात. इथे नुसतं ‘नॉर्दर्न’ म्हणतात.

*वॉलाय.* १९६५पासून मिनेसोटाचा राज्यमासा. चवीला सगळ्यांत वरचा, आणि नवख्याला सगळ्यांत जास्त रडवणारा.

क्रम हाच ठेवा. पहिले तीन-चार शनिवार फक्त सनफिश, मग नॉर्दर्न, वॉलाय शेवटी. ऑफिसातले सहकारी वॉलायच्याच गप्पा मारतात म्हणून आपणही तिथून सुरुवात केली तर जुलैत सामान गॅरेजमध्ये जातं ते परत निघत नाही. अशी दोन मराठी घरं मला माहीत आहेत.

२. परवाना काढा

वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर परवाना लागतो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, संकेतस्थळावर तो मिळतो. आमिषाच्या दुकानात आणि मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतही मिळतो. रहिवाशाचा वर्षाचा परवाना साधारण २५ डॉलरचा. रहिवासी ठरायला राज्यात ६० दिवस वास्तव्य हवं. परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीत घेतलेला वर्षाचा परवाना फेब्रुवारीअखेर संपतो.

हाताशी ठेवा: ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख, कार्ड.

भारतातून भेटीला आलेले आईवडील रहिवासी धरले जात नाहीत. ‘बाबा नुसते काठी धरून बसतील’ ही सबब चालत नाही. काठी धरली की परवाना लागला. त्यांच्यासाठी बाहेरच्यांचा एक दिवसाचा, तीन दिवसांचा किंवा आठवड्याचा परवाना मिळतो.

पैसे घालण्याआधी चव घ्यायची असेल तर वाटा आहेत. मदर्स डेच्या शनिवार-रविवारी मिनेसोटातल्या आयांना परवाना लागत नाही. माझी सुरुवात तशीच झाली. जूनमध्ये एका शनिवार-रविवारी १५ किंवा त्याहून कमी वयाच्या मुलाला घेऊन जाणाऱ्या रहिवाशाला सूट असते. बऱ्याचशा स्टेट पार्कांत रहिवाशांना काठावरून विनापरवाना मासे धरता येतात, आणि कितीतरी पार्कांत काठी, गळ असं सगळं सामान उसनंही देतात. हे फार जणांना ठाऊक नसतं.

३. नियमांची पुस्तिका वाचा. खरंच वाचा.

पॅनफिश बारा महिने धरता येतात. वॉलाय आणि नॉर्दर्न मात्र फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारनंतर बंद होतात आणि मेमध्ये मोसम उघडला की पुन्हा खुले होतात. मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आठवडाअखेरीचा जो शनिवार, त्याच्या दोन आठवडे आधीचा शनिवार म्हणजे ‘ओपनर’. त्या दिवशी अर्धं राज्य उत्तरेकडच्या रस्त्यांवर असतं. गव्हर्नरसुद्धा गळ टाकायला जातो, ही प्रथा १९४८पासूनची. नवख्याने त्या दिवशी घरी बसून पोहे खावेत. आठवड्याने जावं, जागा मिळते.

आता आकडे. राज्यभराचा सर्वसाधारण नियम सनफिश २०, क्रॅपी १०, पर्च २०. वॉलायची मर्यादा कित्येक वर्षं सहा होती आणि त्यांत २० इंचांवरचा एकच. पण खूप तळ्यांवर याहून कडक नियम असतात, मिल लॅक्स या मोठ्या तळ्यावर तर वॉलायचा नियम दर वर्षी नव्याने ठरतो. म्हणून चालू वर्षाचीच पुस्तिका पाहा आणि तळ्यात बोटी उतरवायच्या जागी लावलेली पाटीही वाचा.

आपल्या घरांत हमखास होणारी चूक अशी: ही मर्यादा ‘आज किती’ एवढीच नसते, ‘तुमच्याकडे एकूण किती’ ही असते. फ्रीझरमधले मासे त्यात मोजले जातात. घरात आधीचे दहा क्रॅपी गोठवलेले असतील तर आज तुम्हाला एकही ठेवता येत नाही. आधी ते खाऊन संपवा. (पर्चला थोडी सूट आहे, घरचे धरून ४०.)

नॉर्दर्नचं प्रकरण आणखी वेगळं. २०१८पासून राज्याचे तीन विभाग आहेत:

- उत्तर-मध्य: दहा ठेवता येतात, पण २२ ते २६ इंचांमधला प्रत्येक मासा परत सोडायचा, आणि २६ इंचांवरचे दोनच.
- ईशान्य: दोन. ३० ते ४० इंचांमधले सगळे परत, ४० वरचा एकच.
- दक्षिण: दोन, आणि दोन्ही किमान २४ इंचांचे.

म्हणजे मोठा मासा सोडायचा आणि लहान ठेवायचा, असंही होतं. उत्तर-मध्य विभागात, ब्रेनर्डजवळच्या एका तळ्यावर माझ्या गळाला पहिला दणदणीत नॉर्दर्न लागला, तेव्हा मी मनात त्याचे तुकडेसुद्धा पाडले होते. धक्क्यावरच्या एका गृहस्थांनी न बोलता आपल्या कूलरच्या झाकणावर चिकटवलेली मोजपट्टी पुढे केली. साडेतेवीस इंच. ते म्हणाले, ‘टू बॅड,’ आणि हाताने पाण्याकडे खूण केली. उत्तर-मध्येत लहान नॉर्दर्नचा सुळसुळाट झालाय आणि मधल्या मापाचे वाढून मोठे व्हायला हवेत, म्हणून हा नियम. तो नॉर्दर्न सोडल्यावर मी पहिली कुठली खरेदी केली असेल तर मोजपट्टीची.

आणि एक. उन्हाळ्यात माणशी दोर एकच. दोन काठ्या लावून बसायचं नाही, ती मुभा हिवाळ्यात बर्फावर.

४. सामान

- साडेसहा फुटांच्या आसपासची हलकी किंवा मीडियम-लाइट काठी, तिला स्पिनिंग रीळ. जोडी ३०-५० डॉलरला मिळते, तेवढी पुरे.
- सहा पौंडी मोनो दोर, म्हणजे आपला तंगूसच. नॉर्दर्नसाठी दुसऱ्या रिळावर दहा पौंडी.
- ८ आणि १० नंबरचे लांब दांड्याचे गळ. इथे नंबर वाढला की गळ लहान होतो. माझा पहिला गळ २ नंबरचा होता, सनफिशच्या तोंडात तो शिरलाच नसता.
- पेन्सिलीसारखी बारीक बुचं. लालपांढरे मोठे गोळे दिसायला छान, पण ते बुडवायला सनफिशला जोर लागतो, त्याला शंका येते आणि तो आमिष सोडतो.
- चिमटीत दाबून बसवायची वजनं, शक्यतो कथलाची. शिशाचं वजन गिळून लून मरतात, आणि लून हा इथला राज्यपक्षी.
- नॉर्दर्नसाठी स्टीलचे लीडर, म्हणजे दोर आणि गळ यांच्या मध्ये लावायची, दातांनी न तुटणारी तार.
- लांब नाकाचा पक्कड, मोजपट्टी, रबरी जाळी, बर्फाचा डबा.
- डासांचं औषध. गवतातून गेलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो आणि हेच महिने त्यांचे भराचे.

गाठ घरी बसून शिका. दोर गळाच्या नेढ्यातून ओवा, मोकळं टोक मूळ दोराभोवती पाच-सहा वेढे द्या, नेढ्याजवळ जो छोटा फासा राहिला त्यातून टोक घाला, मग त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फाशातून परत काढा. आता थुंकी लावून ओलं करा आणि हळूहळू ओढा. कोरडं ओढलं तर घासून दोर कमजोर होतो आणि नेमका मोठ्या माशाला तुटतो. टोक जरा राखून कापा.

५. सनफिश: काठापासून दहा फुटांवर

सगळ्यांना वाटतं, मासे लांब असतात. मेअखेर पाणी ६५-७० अंश फॅरनहाइटला आलं की सनफिश अंडी घालायला काठाशी येतात, गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात. ध्रुवीकृत काचेचा गॉगल लावून पाहा. तळाशी जेवणाच्या ताटाएवढे गोल, फिकट खळगे दिसतील, एकमेकांना लागून, गावजेवणाची पंगत मांडल्यासारखे. प्रत्येक खळग्यावर एक नर राखण करत फिरत असतो.

गांडूळ अख्खं लावू नका. इंचभर तुकडा तोडा, गळावर ओवा, शेपूट लोंबू देऊ नका. अख्खं लावलं की तो लोंबतं टोक कुरतडून नेतो आणि आपण रिकामा गळ बघत बसतो. बूच गळाच्या दोन फूट वर, बूच आणि गळ यांच्या मध्ये एक वजन. खळग्यांच्या थोडं पलीकडे टाका, हळू ओढून आणा, थांबा. बूच नुसतं थरथरलं तर हात बांधून ठेवा. तिरकं झालं किंवा सरकू लागलं की मनगटाने हलका झटका. खांद्यातून ओढू नका, सनफिश उडून झाडावर जाईल. आमच्याकडे एक गेलाय.

राखण करणारे सगळ्यांत मोठे नर मात्र परत सोडा. ते सगळे उचलले की लहान नर लवकर वयात येतात, वाढायचे थांबतात आणि काही वर्षांत तळ्यात बोटभर माशांशिवाय काही उरत नाही. याच कारणाने २०२१पासून बऱ्याच तळ्यांवर सनफिशची मर्यादा पाच किंवा दहावर आणली आहे. मधल्या मापाचे, सात इंचांच्या आसपासचे ठेवावेत.

क्रॅपी याच बुचावर, पण सूर्य कलल्यावर आणि छोट्या जिवंत मिनोवर, म्हणजे आमिषाच्या चिमुकल्या माशांवर. तोंड कागदासारखं पातळ असतं, झटका देऊ नका, नुसती काठी उचला.

जागा? मिनीॲपोलिसमध्ये बडे माका स्का, हॅरिएट, नोकोमिस या तळ्यांवर सार्वजनिक धक्के आहेत, बसने जाता येतं. उपनगरांतल्या छोट्या तळ्यांतही डीएनआर मुद्दाम मासे सोडतं आणि धक्के बांधतं. डीएनआरच्या संकेतस्थळावर ‘लेकफाइंडर’ आहे. त्यात तळ्याचं नाव घातलं की कुठले मासे, किती खोली, कुठले खास नियम, मासे खाण्याबद्दल काय सल्ला, सगळं निघतं.

६. नॉर्दर्न: बोटं सांभाळा

नॉर्दर्न पाणगवतात ओंडक्यासारखा निश्चल पडून असतो आणि समोरून काही चमकत गेलं की बाणासारखा सुटतो. म्हणून गवत जिथे संपतं त्या कडेने लाल-पांढरा स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष, फेकायचा आणि मध्यम वेगाने गुंडाळायचा, मधेच क्षणभर थांबत. पुष्कळदा तो मागोमाग काठापर्यंत येतो आणि बघत उभा राहतो. तिथे स्पून लगेच पाण्याबाहेर काढू नका, काठीच्या टोकाने पाण्यातच वळवा. कितीतरी वेळा तो त्या वळणावर झडप घालतो.

स्टीलचा लीडर विसरलात तर मासा, स्पून आणि आठ डॉलर एका झटक्यात जातात. पहिल्या वर्षी माझे तीनदा गेले, आणि तोंडात गळ अडकलेला मासा तसाच पाण्यात राहिला याचं वाईट वाटतं ते वेगळं.

तोंडात बोट घालू नका. मेल्यासारखा दिसला तरी नाही. जाळीतच ठेवून लांब पक्कडीने गळ काढा. जून सरत जातो, पाणी तापतं, तसे मोठे नॉर्दर्न थंड खोल पाण्यात उतरतात आणि काठाला हातोड्याच्या दांड्याएवढे उरतात. इथले लोक त्यांना ‘हॅमर हँडल’च म्हणतात.

७. वॉलाय: जेवण उरकून जा

वॉलायच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला मांजरासारखा चकाकणारा पडदा असतो, अंधारात त्याला उत्तम दिसतं. त्याचा फायदा तो संधिप्रकाशात शिकार करून घेतो. जूनमध्ये इथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे घरी वरणभात खाऊन साडेआठला काठावर पोचलात तरी वेळेवर. दिवसा जायचंच असेल तर वारा सुटलेला, ढगाळ दिवस निवडा आणि वारा ज्या काठावर आदळतोय तिथे उभे राहा. लाटांनी गढुळलेल्या पाण्यात तो दिवसाही काठाशी येतो. आपल्याला तोंडावर वारा नको असतो म्हणून आपण आडोशाच्या काठावर बसतो, आणि तिथे वॉलाय नसतो.

जूनमधलं आमिष म्हणजे जळू. होय, तीच. आमिषाच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये पाण्याच्या डब्यांत डझनाच्या हिशेबाने मिळते. रुंद टोकाला तिची चूषकी असते, तिच्याजवळ गळ टोचायचा, म्हणजे बाकीचं अंग पाण्यात लवलवत राहतं. बोटाला चिकटली तर घाबरू नका, ओढली की सुटते. डबा घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर वर चिठ्ठी लावा.

बूच सरकतं वापरा, म्हणजे आठ-दहा फूट खोलीवर आमिष ठेवूनही फेकता येतं. वॉलाय बूच गटकन बुडवत नाही, हळूच खाली नेतो, दिवा मंद व्हावा तसं. ढिला दोर गुंडाळा, ताण जाणवला की काठी सावकाश मागे घ्या. पाठीवरचे काटे आणि कल्ल्याची कड दोन्ही धारदार, ओल्या हाताने सांभाळून धरा.

८. परत सोडताना आणि निघताना

हात ओले करा, मासा वाळूवर लोळवू नका, गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोर कापा. माझे बाबा इथे आले होते तेव्हा धक्क्यावर बसून हा सगळा सोहळा बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “गो बाय, पकडलेलो मासो परत सोडतंस? मगे पकडलंस कित्याक?” त्यांना इंचांचा हिशेब समजावता समजावता अंधार पडला.

उरलेलं आमिष तळ्यात नाही, काठावरच्या मातीतही नाही, कचऱ्याच्या डब्यात. गांडूळसुद्धा. हिमयुगानंतर इथल्या जंगलांत गांडुळं नव्हतीच, बाहेरून आलेली गांडुळं पालापाचोळ्याचा थर खाऊन टाकतात. मिनोच्या बादलीतलं पाणी निघण्यापूर्वी ओता. मिनो ठेवायचे असतील तर घरून आणलेलं पाणी भरा. बूट, जाळी, दोर यांवरचं गवत काढा. उपद्रवी झेब्रा शिंपले असेच एका तळ्यातून दुसऱ्यात पोचतात, आणि यात दंड होतो.

मासे तळ्यावर कापू नका. ज्यांना इंचांचे नियम आहेत ते डोकं-शेपटीसकट, मोजता येतील असे घरी न्या.

९. घरी

आधी किती खायचं ते. या माशांत पारा असतो, जितका मोठा आणि मासेखाऊ मासा तितका जास्त. गरोदर किंवा गरोदर राहू इच्छिणाऱ्या बायका आणि १५ वर्षांखालची मुलं यांच्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाचा सर्वसाधारण सल्ला असा: पॅनफिश आठवड्यातून एकदा, २० इंचांखालचा वॉलाय किंवा ३० इंचांखालचा नॉर्दर्न महिन्यातून एकदा, त्याहून मोठे अजिबात नाहीत. काही तळ्यांचा सल्ला याहून कडक असतो, तो लेकफाइंडरवर पाहा.

सनफिशचे खवले काढून, डोकं-पोट साफ करून अख्खा तळावा. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून अर्धा तास ठेवा, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवा. वॉलायच्या सरळ तुकड्या पडतात, काटा नावाला नाही. नॉर्दर्नला मात्र पाठीच्या मांसात वाय आकाराच्या काट्यांची रांग असते, भिंगासारखा काटेरी मासा खाणाऱ्यांना त्याचं काही वाटणार नाही. बाकीच्यांनी ती रांग बोटाने चाचपून तिच्या दोन्ही बाजूंनी काप द्यावा आणि पट्टी काढून टाकावी. पहिल्या दोन-तीन माशांत निम्मं मांस पट्टीबरोबर जातं. त्या पट्ट्यांचं आम्ही तिरफळं घालून सार करतो.